पाच घरांचा उत्क्रांतिवादी

पाण्याचं बिल कोणी आनंदाने उघडत नाही, हे मला मान्य आहे. पण बिलासोबत आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाचं चार पानी वार्तापत्र येतं, त्याच्या शेवटच्या पानावर शब्दकोडं असतं आणि ते मी रचतो. खाली बारीक टायपात 'रचना : चौकोन' असं छापलेलं असतं. तो चौकोन म्हणजे मी. शहरातल्या प्रत्येक नळामागे माझी एक प्रत जाते. नावाजलेल्या लेखकांनासुद्धा एवढा खप नसतो, असं मी एकदा घरी म्हणालो. बायको म्हणाली, "त्यांचं पुस्तक घेतलं नाही म्हणून कोणी नळ तोडत नाही."

तर या माझ्या एकुलत्या एक कीर्तीवर नवे साहेब घसरले. निमित्त क्षुल्लक होतं. मागच्या कोड्यात 'डोक्यावर असतो, पण आपला नसतो' असं शोधसूत्र होतं आणि उत्तर होतं 'टोप'. साहेब केसांचा टोप घालतात, हे मला खरोखर माहीत नव्हतं. सगळ्या कार्यालयाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. कोडी रचणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतच नाही, तो त्याच्या नावातली अक्षरं मोजत असतो.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वार्तापत्र टेबलावर उताणं पडलं होतं.

"शब्दांनी भांडणं होतात," साहेब म्हणाले. "आकड्यांनी होत नाहीत. शेवटचं पान सुडोकूला द्यावं म्हणतो."

ज्या कार्यालयात लोक दिवसभर बिलावरच्या आकड्यांवरून आमच्या अंगावर धावून येतात, त्या कार्यालयाच्या प्रमुखाने हे बोलावं! पण मी पडलो सरळमार्गी माणूस. मी हात जोडून एक संधी मागितली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "एक अंक. एक जरी तक्रार आली, तर पान गेलं म्हणून समजा."

तक्रारींचा विषय निघालाच आहे, तर कागदमामांबद्दल सांगून टाकतो. हे आमच्या तक्रार विभागाचे प्रमुख. तोंडावर मामा, पाठीमागे कागदमामा. त्यांचा एक नियम आहे आणि तो मोडायची छाती अजून कुठल्या साहेबाला झालेली नाही. वार्तापत्रातल्या मजकुराबद्दल तक्रार आली, की तिचं निरसन त्याच पानावर, त्याच जागी, त्याच स्वरूपात छापायचं. चित्राची चूक चित्राने निस्तरायची, तक्त्याची तक्त्याने. आणि तक्रारदार 'समाधान झालं' असं सही करून देत नाही, तोवर ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. आमच्या दुसऱ्या पानावर जुन्या बाजारातल्या नळाचं वेळापत्रक अजून येतं. बाजार पाडला, नळ गेला, तिथे आता मोटारी उभ्या असतात. पण ज्याने वेळ चुकल्याची तक्रार केली होती तो सापडत नाही, त्यामुळे नळ कागदावर रोज सकाळी नेमाने सुरू आहे. हा किस्सा मी एकदा मावशींना सांगितला, तेव्हा हसताहसता त्यांचा चष्मा खाली पडला होता.

मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतरही इमारतीतल्या दोन-तीन मुली त्यांच्याकडे शिकायला येतात. माझं प्रत्येक कोडं छापण्याआधी त्या सोडवतात. पेन्सिलीने सोडवतात, पण खोडरबर जवळ ठेवत नाहीत.

आता कोड्याकडे वळू. मी इतकं निरुपद्रवी कोडं आयुष्यात रचलं नव्हतं. 'उशी', 'कंदील', 'पाऊलवाट'. कोणाच्या बापाचं काही जाऊ नये असे शब्द. सगळं जमलं आणि मधोमध एक आडवी ओळ उरली. पाच घरं. पहिल्या घरात 'उपकार'चा उ बसलेला, तिसऱ्यात 'तिजोरी'चा ति, पाचव्यात वरून उतरलेल्या 'चांदी'चा दी. मी दाढी करताना, जेवताना, बसच्या रांगेत 'उ काहीतरी ति काहीतरी दी' असं पुटपुटत होतो. रांगेतले लोक माझ्यापुढे जाऊ लागले. आणि एका सकाळी, अर्ध्या गालावर साबण असताना, शब्द सापडला.

उत्क्रांतिवादी!

घरं बरोबर पाच. 'त्क्रां' या अक्षराला वरून-खालून शेजार मिळणं शक्य नव्हतं, पण मी तिथे आधीच काळी घरं ठेवली होती. जणू कोडं या पाहुण्याची खोली तयार ठेवूनच बसलं होतं. मी तसाच स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, उत्क्रांतिवादी!"

"चहा गार होतोय," बायको म्हणाली.

आता फक्त शोधसूत्र लिहायचं होतं. एका ओळीत मावेल असं. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. मी लिहिलं, 'माणूस माकडापासून झाला असे मानणारा', आणि कोडं घेऊन वर गेलो.

मावशींनी ओळ वाचली, पेन्सिल खाली ठेवली.

"जावईबापू, तुम्ही तुमच्या चुलतभावापासून झालात का?"

"नाही."

"तुम्हा दोघांचे आजोबा एक. म्हणून तो तुमचा बाप होत नाही. माकडाचं तसंच आहे. आपले आणि त्याचे पूर्वज एक, बस्स."

मी खोडून लिहिलं, 'माणूस व माकड यांचे पूर्वज एकच, असे मानणारा.'

"मानणारा?" मावशी म्हणाल्या. "पृथ्वी गोल आहे हे तुम्ही मानता, की तुम्हाला ते ठाऊक आहे?"

मी पुन्हा खोडलं. 'उत्क्रांतीचा समर्थक.'

"का? उत्क्रांती निवडणुकीला उभी आहे?"

मी म्हणालो, "मावशी, या शब्दाचा अर्थ तरी काय आहे? तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो."

"अर्थ सोपा आहे, वापर अवघड आहे," मावशी म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज लागला की मी आपोआप ताठ बसतो. "जुन्या काळी जेव्हा यावर खडाजंगी चालली होती, तेव्हा या बाजूचे लोक स्वतःच हे नाव मिरवायचे. वाद होता, म्हणून वादी होते. मग पुरावे येत गेले, शास्त्रातला तो वाद मिटला आणि शब्दाचं काम संपलं. हातातून सुटलेली वस्तू खाली पडते असं म्हणणाऱ्याला आपण गुरुत्वाकर्षणवादी म्हणतो का? आता हा शब्द ऐकू येतो तो बहुतेक समोरच्या बाजूने. ज्यांना पटत नाही, ते म्हणतात. म्हणजे शास्त्र हीसुद्धा एक टोळी आहे, तुमची एक आणि आमची एक, असं वाटावं म्हणून. मी इतकी वर्षं शिकवलं, पण स्वतःला एकदाही हे नाव लावलं नाही. दुसऱ्यांनी लावलं, आणि दरवेळी आवाज चढवून."

मी खाली उतरताना जिन्यात वकील भेटले. आमच्या शेजारच्या दारातले. त्यांना मी काही विचारलं नव्हतं. पण वकिलाच्या हातात कागद नसला आणि तुमच्या हातात असला, तर तो त्याचा होतो.

"वादी!" त्यांनी बोट ठेवलं. "वादी आला की प्रतिवादी आलाच. त्याला नोटीस दिलीत का?"

"कोडं आहे हो."

"खटलाही कोडंच असतो. खाली लिहा, 'या शब्दाशी रचनाकार सहमत असेलच असे नाही.'"

"एका ओळीत मावणार नाही."

"मग सहमत व्हा," वकील म्हणाले.

एवढ्यात पहिल्या मजल्याचं दार उघडलं आणि पूर्वजकाका बाहेर आले. यांच्या बैठकीत भिंतभर वंशवृक्ष टांगलेला आहे. कोणीही भेटायला गेलं की पाणी नंतर, पूर्वज आधी. त्यांनी शब्द ऐकला आणि त्यांची मान ताठ झाली.

"आमच्या वंशवृक्षात एकही माकड नाही," ते म्हणाले.

"वृक्ष आहे ना? मग सगळे फांद्यांवरच असणार," वरून मावशींचा आवाज आला. "आणि सगळ्यात वरच्या नावाच्या वर काय आहे हो काका? मी पाहिलंय, तिथे नुसती खिळ्याची जागा आहे."

पूर्वजकाका आत गेले. उत्तर त्यांच्या दाराने धाडकन दिलं. ही माझ्या कोड्याची पहिली संभाव्य तक्रार, हे मी मनात टिपून ठेवलं.

मी शब्द काढून टाकायचा प्रयत्न केला, हे प्रामाणिकपणे सांगतो. 'उत्क्रांतिवादी' काढला की 'तिजोरी' उघडी पडायची. 'तिजोरी' बदलली की खालची 'पाऊलवाट' बंद. 'पाऊलवाट' हलवली की कोपऱ्यातला 'कंदील' विझायचा. बायको म्हणाली, "त्या पाचही घरांना काळं फासा आणि झोपा." ज्या माणसाने कोडं कधी रचलं नाही तोच असं बोलू शकतो. मधोमध सलग पाच काळी घरं म्हणजे समोरचे पाच दात पडलेला हसरा चेहरा.

शेवटी मावशींचंच वाक्य आठवलं. मी लिहिलं, 'स्वतःला कोणी म्हणवून घेत नाही, दुसरेच म्हणतात.' मावशींनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "आज तरी हे खरं आहे." त्यातलं 'आज तरी' मी ऐकून सोडून दिलं. ती माझी चूक झाली.

कोडं मंजुरीला गेलं. आधी कधी जात नव्हतं, पण टोपप्रकरणापासून साहेब शब्द न् शब्द तपासत होते. विधी शाखेकडून शेरा आला : 'सदर शब्दाने कोणत्याही संघटना, पक्ष, पंथ वा पतसंस्थेच्या सदस्याचा बोध होतो काय? होत असल्यास नोंदणी क्रमांक जोडावा.' मी उत्तर दिलं की बोध होत नाही. त्यावर दुसरा शेरा : 'बोध होत नसल्यास शब्द कशासाठी?' मी लिहिलं की कोड्यासाठी. तिसरा शेरा असा, की आपल्या कार्यालयात कोणी उत्क्रांतिवादी असल्यास त्याच्या भावना दुखावू शकतात, सबब आधी माहिती गोळा करावी.

आणि परिपत्रक निघालं. 'आपण उत्क्रांतिवादी आहात काय? हो / नाही / लागू नाही.'

त्या आठवड्यात शहरात कुठे नळाला पाणी आलं असेल, तर ते आपल्या मनाने आलं असेल. कार्यालयात दुसरं काही काम झालंच नाही. टंकलेखिका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हो लिहिलं तर बदली होते का?" टँकरच्या चालकाला वाटलं की ही नवी श्रेणी आहे, म्हणून त्याने हो लिहिलं, मग श्रेणी नाही हे कळल्यावर मागे घेतलं. पंपचालकाने लिहिलं, 'सध्या नाही, परंतु वरिष्ठांचा आदेश आल्यास होण्यास तयार आहे.' साहेबांनी स्वतः 'लागू नाही'वर खूण करून पुढे 'तत्त्वतः' असं लिहिलं. तत्त्वतः लागू नाही, की तत्त्वतः हो, हे विचारायला कोणी धजावलं नाही.

निष्कर्ष निघाला : 'कर्मचाऱ्यांपैकी कोणीही स्वतःस उत्क्रांतिवादी म्हणवून घेत नाही. शोधसूत्र वस्तुस्थितीस धरून आहे. छापण्यास हरकत नाही.' जगात माझ्याइतका सरकारी शिक्कामोर्तब झालेला शोधसूत्रकार दुसरा नसेल. मी घरी पेढ्यांऐवजी निदान कौतुक तरी मागितलं. बायकोने पाठीवर थाप मारली आणि हात पुसला, कारण ती भांडी घासत होती.

अंक निघाला. रोज सकाळी साहेब तक्रारपेटीत डोकावायचे आणि निराश होऊन टोप सावरत केबिनमध्ये जायचे. मी चोरून तेच करायचो आणि खूश होऊन जागेवर बसायचो. दिवस चालले होते. पान वाचलं, असं मला वाटू लागलं होतं.

मग तो जिन्यातला प्रसंग घडला. मी कामावरून परत येत होतो. पहिल्या मजल्यावर पूर्वजकाका वार्तापत्र आणि पेन्सिल घेऊन उभे होते. वकील होते, मुलींना शिकवणीला पाठवणाऱ्या दोघी आया होत्या, आणि मावशी भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या.

"सापडला शब्द!" काका ओरडले. "दुसरेच म्हणतात! मग मी म्हणतो ना! या बाई उत्क्रांतिवादी आहेत. माझी नात यांच्याकडे शिकते आणि काल मला विचारते, आजोबा, तुमचं शेपूट कुठे गेलं? अहो, आपल्या मुली कोणाकडे पाठवायच्या, याचा विचार करा तुम्ही लोक!" मग ते मावशींकडे वळले. "सांगा ना बाई, आहात की नाही उत्क्रांतिवादी?"

त्या दोघी आया मावशींकडे बघू लागल्या. वकील हळूच म्हणाले, "नाही म्हणा. तुम्ही नुसतं पुस्तकातलं शिकवता, एवढंच म्हणा." आणि ते खरंही होतं. मावशींना हा शब्द आवडत नाही, त्यांनी तो जन्मात स्वतःला लावलेला नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? एक 'नाही' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता.

मावशींनी पिशवी खालच्या पायरीवर ठेवली. एक मुळा बाहेर डोकावत होता, तो आत ढकलला.

"हो," त्या म्हणाल्या. "आहे. उत्क्रांतिवादी आहे. आणि तुमच्या नातीचा प्रश्न चांगला आहे काका, उद्या तिला उत्तर देते. माकडहाड नावाची गोष्ट आहे, तुम्हीही या. तुमचं घेऊनच याल."

आणि पिशवी उचलून त्या वर गेल्या. दोघींपैकी एक आई फस्सकन हसली आणि म्हणाली, "आमची येते हो उद्या नेहमीच्या वेळेला." माझा ऊर भरून आला. खरंच आला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात डबा होता.

रात्री जेवताना मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकता ऐकता थांबली.

"म्हणजे मावशी स्वतःला म्हणाली?"

"सगळ्यांसमोर!"

"मग तुमचं शोधसूत्र चुकलं की हो."

माझा घास तोंडातच राहिला. पण मी स्वतःची समजूत घातली. कोण तक्रार करणार होतं? पूर्वजकाका तर त्या शोधसूत्रावर खूश होते.

तक्रार आली. साहेबांनी ती स्वतः माझ्या टेबलाशी आणून वाचून दाखवली, त्यांचा टोप आनंदाने किंचित सरकला होता. 'तेवीस आडवे. शोधसूत्र वस्तुस्थितीस धरून नाही. मी स्वतःला तसे जिन्यात, साक्षीदारांसमक्ष म्हणवून घेतले आहे.' खाली मावशींची सही. त्याखाली साक्षीदार म्हणून वकिलांची.

मी सुट्टी न टाकता घरी आलो आणि तडक वर गेलो. मावशी शेंगा सोलत होत्या.

"मावशी, तुम्ही?" मी विचारलं, रागाने आणि त्याहून जास्त दुःखाने. "परक्याने केलं असतं तर समजू शकलो असतो. माझं आयुष्यात तेवढं एक पान होतं हो!"

"शोधसूत्र चूक आहे की नाही?"

"आहे. पण घरातल्या माणसाने—"

"घरातल्यांची चूक असली की झाकायची, तर मग माझ्यात आणि काकांच्या वंशवृक्षात फरक काय?" मावशींनी एक शेंग माझ्यापुढे केली. "सोला. आणि मला सांगा, तुमच्या कागदमामांचा तो नियम काय? चित्राची चूक चित्राने. तक्त्याची तक्त्याने."

मी शेंग सोलायला घेतली.

"आणि शब्दकोड्याची?" मावशींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये सुडोकूचा नमुना तयार होता. मी आत गेलो तेव्हा कागदमामा तिथे आधीच उभे होते, छातीशी फाइल धरून, कोणी हिसकावेल अशा बेताने.

"निरसन त्याच पानावर, त्याच जागी, त्याच स्वरूपात," ते म्हणत होते. "तेवीस आडवे म्हणजे तेवीस आडवे. आणि तेवीस आडवे छापायचं तर बाकीचे बावीस कोण आणणार साहेब? तक्रारदाराचं समाधान होईपर्यंत पान हलणार नाही."

"आणि समाधान कधी होणार?"

"ते तक्रारदारावर आहे," कागदमामा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जुन्या बाजारातला नळ वाहत होता.

तेव्हापासून प्रत्येक अंकात माझं कोडं असतं. बाकीचे शब्द बदलतात, पण मधोमध, तेवीस आडवे, पाच घरांत उत्क्रांतिवादी बसलेला असतो. शोधसूत्र मावशी तपासतात. दरवेळी म्हणतात, "बरंय, पण समाधान नाही," आणि तसं लिहून देतात. सुडोकूचा नमुना साहेबांच्या काचेखाली पिवळा पडतो आहे.

या अंकातलं शोधसूत्र माझ्या मते आजवरचं सगळ्यात अचूक आहे : 'दुसरे रागाने म्हणतात, विचारलेत तर आम्ही हो म्हणतो.' काल त्यावर पूर्वजकाकांची तक्रार आली. 'रागाने' हा शब्द त्यांना मान्य नाही. लिहिताना त्यांनी पेन इतकं दाबलंय की कागद दोन ठिकाणी फाटला आहे. मी स्वतः खाली जाऊन त्यांना पोच दिली आणि घाई नाही म्हणून सांगितलं, समाधान सावकाश होऊ द्या.